ज्याचे त्याचे बटण

चतुर्थीच्या आधीचा रविवार, दुपारी चार. गोव्यातल्या साखळी गावी एका सभागृहात रघुवीर मास्तरांची शोकसभा. उपस्थित: मास्तरांच्या पत्नी सुमनवहिनी, त्यांचे धाकटे दीर, आमच्या शाळेचे दोनेक रांगा माजी विद्यार्थी, गावातली काही जाणती माणसे, आणि मी. मास्तरांच्या शेजारच्या वर्गावर मी अनेक वर्षे शिकवले.

व्यवस्था माझ्याकडे होती. खुर्च्या, समई, हार, बोलणाऱ्यांचा क्रम... सगळे ठरल्याप्रमाणे झाले. मास्तरांनी आम्हाला वीज वाचवायला शिकवले, असे जो तो म्हणाला. बाहेर पाऊस उघडून लख्ख ऊन पडले होते आणि आत सगळ्या ट्यूब पेटलेल्या. रिकाम्या खुर्च्यांवरचे पंखेही गरगरत होते. सर्वांत शेवटी निघाली शैला, मास्तरांची लाडकी विद्यार्थिनी. बटणांची पाटी तिच्या कोपराशी होती. "शैला, पंखे गो..." मी म्हटले. "वॉचमन करतलो, बाई," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

याच शैलाची एक गोष्ट आहे. सुर्ला गावाजवळच्या एका छोट्या वस्तीवर आमची दोन खोल्यांची शाळा. समोरून खनिजाचे ट्रक जायचे, पंख्यांच्या पात्यांवर तांबडी धूळ बसायची. मास्तरांनी पहिल्याच वर्षी एक पद्धत पाडली. शाळेतल्या प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी आणि पट्टीवर एका मुलाचे नाव. ते मूल त्या बटणाचा धनी. लावायचे त्याने, बंद करायचे त्याने. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, धन्याला हाक मारायची. मी म्हटले, "मास्तर, हा खटाटोप कशाला? जो जवळ असेल तो बंद करील." ते म्हणाले, "बाई, सगळ्यांचें म्हणजे कोणाचेंच न्हय." एकदा तपासणीला आलेले साहेब निघताना सहज पंखा बंद करायला गेले. मागच्या बाकावरून शैला ओरडली, "सर, तें बटण म्हजें! तुमी हात लावूं नाकात!" साहेबांचा हात तसाच वर राहिला. मास्तर शांतपणे म्हणाले, "सायब, तिका विचारून करूंया." साहेबांनी खरोखरच विचारले. शैला ऐटीत उठली, तिने पंखा बंद केला आणि वर्गभर अशी बघत गेली की जणू धरणाचे दार तिनेच बंद केले.

वीज कुठून येते, असे विचारल्यावर मुले हमखास म्हणायची, "बटणांतल्यान!" मग मास्तर सगळ्यांना घेऊन तारेखालून चालत निघायचे. ट्रान्सफॉर्मरपाशी थांबून म्हणायचे, "हेंय एक बटणच. फुडें?" असे करत करत डोंगराच्या माथ्यापर्यंत. तिथून विजेचे मोठे मनोरे राज्याबाहेर जाताना दिसत. आपण पंखा लावला की त्या टोकाला कुठेतरी कोळसा जळतो, हे मुलांना तिथे उभे राहून कळायचे. मार्चमध्ये काळ्या रंगाच्या पत्र्याच्या पेटीत ते उन्हावर पेज शिजवायचे. मुले भुकेने कळवळायची. "सर, केन्ना जातली?" "सूर्याक विचार. ताका घाई ना." शेवटी अर्धवट शिजलेली पेज आम्ही सगळे लोणच्याशी खायचो आणि छान झाली म्हणायचो.

मास्तर निवृत्त झाले. पुढे मुले कमी झाली म्हणून शाळा बंद झाली. कुलूप लावायच्या दिवशी मी त्यांना बोलावले होते. त्यांनी एकेक पट्टी वाचली, काढली मात्र एकही नाही. जाताना एवढेच म्हणाले, "हीं सगळीं भुरगीं आतां खंय आसतलीं?" मी म्हटले, मुले मोठी झाली, बऱ्या नोकऱ्यांत आहेत. आता वाटते, त्यांनी विचारले ते नोकऱ्यांचे नव्हते, बटणांचे होते.

फुफ्फुसे थकल्यावर त्यांच्या खाटेजवळ प्राणवायूचे यंत्र आले. ते दिवसरात्र घुमत असे. मये गावातल्या त्यांच्या घरातही प्रत्येक बटणाला पट्टी होती: स्वयंपाकघर वहिनींचे, पडवीतला दिवा मास्तरांचा. शेवटची बस गेली, शेजारीपाजारी घरी पोचले, की ते पडवीतला दिवा मालवायचे. आजारातही भिंतीला धरून जायचे. यंत्राच्या बटणाखाली मात्र पट्टी नव्हती. मी विचारले तर धापा टाकत हसले. "ह्या बटणाक धनी कोण जातलो, बाई? जलमभर वाचयलें तें आतां हांव एकटो खातां." मी भेटायला गेले की ते मला आपल्या नावाचा पंखा बंद करायला लावायचे. घामाने निथळत पडून राहायचे. तेवढीच भरपाई.

ते गेले त्या सकाळी डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. खोलीत यंत्र तसेच घुमत होते, आणि ते बंद करा, असे वहिनींना सांगायला कोणाची जीभ उचलत नव्हती. मग त्याच उठल्या आणि त्यांनी बटण दाबले. यंत्राचा आवाज थांबला तेव्हा घर केवढे मोठे आहे ते मला कळले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी हिशोबाची उरलीसुरली कामे घेऊन मयेला गेले. भर दुपार, आणि पडवीतला दिवा जळत होता. शेजारची म्हणाली, मास्तर गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी लावला तो तसाच आहे, रात्रंदिवस. मी बटणाकडे वळले. दारातून वहिनींचा आवाज आला, "नाका बाय. तें तांचें." मी म्हटले, "वहिनी, मास्तरांना हे आवडले असते का?" त्या उंबऱ्यावर बसल्या. आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाल्या, "एक बटण ह्या हातान बंद केलें. आनीक एक बंद करूंक म्हाका जावचें ना."

माझ्या यादीतल्या सगळ्या कामांपुढे खूण झाली आहे. सभागृहाची किल्ली दिली, यंत्र परत पाठवले, सभेतला मास्तरांचा फोटो वहिनींकडे पोचवला. नंतर दोनदा मयेला जाऊन आले. दोन्ही वेळा पडवीत उभी राहिले, पट्टीवरचे मास्तरांचे वळणदार अक्षर वाचले आणि चहा घेऊन परतले. पडवीतला दिवा बंद करणे, हे काम राहिले आहे.