नख उमटायला हवं

धातू किती कडक आहे ते मोजणं हे आखातातल्या रास लफानच्या वर्कशॉपमधलं माझं काम. मशिनखाली तुकडा ठेवायचा, आकडा बघायचा, सही करायची. बारा वर्षं हेच केलं की माणसाला वाटू लागतं, आपल्याला धातूतलं सगळं कळतं. मला तर जरा जास्तच वाटत होतं.

त्याच तोऱ्यात मी गावी असलेल्या धाकट्या भावाला सल्ला दिला. आमच्या घरी शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. नळीत आधी दारू, वर शिशाची गोळी, मग गजाने ठासायचं आणि शेवटी दारू पेटवणारी केप लावायची. गोळ्या घरीच ओततात. भाताला डुकरं लागली होती आणि मऊ शिसं कुठे मिळेना. गॅरेजवाल्याकडे मात्र चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं पडली होती. ती वितळवली तर चालतील का, असं भावाने फोनवर विचारलं. मी म्हणालो, "पळतील. शिशापेक्षा कडक असतात, चांगलंच की."

बाबा तेव्हा आमच्याकडे उम्म सलाल मोहम्मदला आले होते आणि कंटाळून अर्धे झाले होते. सून हातात चहा देते, नातू इंग्रजीत उत्तरं देतो, बाहेर पाय ठेवावा तर ऊन. "हयसर माझा काय काम?" हे दिवसातून तीनदा ऐकायचं. बंदुकीचं काहीही असलं तरी बाबांना विचारायचं, हे आमच्या घरचं वळण. मी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. संध्याकाळी तो शेतातल्या माळ्यावर बसणार होता आणि मला दाखवायला म्हणून अंगणातच बंदूक भरत होता. नव्या गोळ्या छान चकचकीत दिसत होत्या. मी शाबासकीही देऊन टाकली.

"जराशी घट्ट जाता," तो म्हणाला. "अर्ध्यार अडाकली. ठोकून बसवतंय."

सोफ्यावर डोळे मिटून बसलेले बाबा उठले आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"गज सोड. बाजूक हो. केप लावलं नाय मां?"

"नाय, बाबा."

"आता दुसरी गोळी घे. नख लाव. वळ उमटता?"

भावाने अंगठ्याचं नख दाबलं, पुन्हा दाबलं. "नाय उमटणा."

"मगे ती बंदुकीची न्हय. माशांच्या जाळ्याक वजन म्हणान लाव. कोणी सांगितल्यान तुका?"

"दादान."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी एसीचा रिमोट शोधायला लागलो.

मग त्यांनी मला समजावलं. मऊ गोळी नळीत दबते आणि थेट दारूवर जाऊन बसते. कडक गोळी दबत नाही, मध्येच अडकते. अशात खाली बार पेटला तर कोंडलेला जोर नळी फोडून बाहेर येतो, आणि नळीखाली धरणाऱ्याचा हात असतो. पाइपांच्या जोडात बसणारी कडी फ्लँजपेक्षा, म्हणजे पाइपाच्या तोंडाच्या चकतीपेक्षा, मऊ आहे ना, हे मी रोज तपासतो. कडक असली तर ती दबून बसत नाही. एवढं शिकून भावाच्या हाताशी मात्र मी खेळलो होतो.

भरलेली बंदूक दुसऱ्या दिवशी परवानेवाल्या कारागिराने रिकामी केली. बाबांनी कुठल्याशा जुन्या दोस्ताला फोन लावून मऊ शिसं मिळवलं, भावाला कॉलवर समोर बसवून गोळ्या ओतून घेतल्या आणि एकेका गोळीला नख लावायला लावलं. त्या आठवड्यात हयसर काय काम, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उलट चहाला उशीर झाला तर आम्हीच ओरडा खाल्ला.

त्या पहिल्या शुक्रवारी फोन ठेवण्याआधी बाबा भावाला म्हणाले होते, "दोनय हात दाखय." तेव्हापासून प्रथाच पडली आहे. आता बाबा गावी आहेत, कॉल मी लावतो, आणि भाऊ न सांगता दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरून हसतो. मीही हसतो. पण डुकरांची चौकशी करतो ती दहाही बोटं बघून झाल्यावरच.