सोजरबाईच्या परातीतले किडे

बुऱ्हाणपुरात दात दुखला की माणूस आधी सोजरबाईकडे जायचा. साहेबाचं राज्य होतं, सरकारी दवाखाना होता, त्यात डॉक्टरही होते. पण ते किडे दाखवत नसत, आणि सोजरबाई दाखवायची. परातीत पाणी, मधोमध दगडावर तापलेली लोखंडी पळी, पळीत तुपात घोळवलेल्या, काटेरी रिंगणीच्या झुडपाच्या बिया. रोग्याने धुरावर आ वासून वाकायचं, डोक्यावरून गोधडी. बिया तडतडायच्या, रोगी खोकून अर्धा व्हायचा, आणि गोधडी काढली की पाण्यात पांढरे, वळलेले बारीक किडे तरंगत असायचे. दातातली कीड बाहेर! बाईचा त्यावर मनापासून विश्वास होता. लबाडी तिला जमलीच नसती.

पंचाईत अशी झाली की पन्नाशीत बाईच्याच हिरड्या सुजल्या. मिश्री लावताना रक्त, दाबलं की पू, आणि पुढचे दोन दात सैल कडीसारखे हलायला लागले. तिने स्वतःला चारदा धुरी दिली. एकदा तर चांगले अकरा किडे निघाले. दात हलतच राहिले. ते पडले तर शाहपूरच्या बाजारात, जिथे ती परात मांडून बसायची, तिच्यापुढे तोंड कोण उघडणार? या धास्तीने बाईला घास गोड लागेना.

शेवटी पदर नाकापर्यंत ओढून ती दवाखान्यात गेली आणि नाव सांगितलं, कमल, राहणार बहादरपूर. डॉक्टर विनायकरावांनी पदरमोड करून सूक्ष्मदर्शक यंत्र आणलं होतं, आणि त्यात डोकावणारं कोणी मिळालं की त्यांची कळी खुलायची. त्यांनी हिरडीतला पू काचेवर घेतला नि बाईला बोलावलं. बाईने डोळा लावला. पांढरे ठिपके, हळूहळू सरकणारे!

"किडेच हायेत की! वीस वर्सं हेच काढते मी!" बाई ओरडली, आणि पदर नि खोटं नाव दोन्ही एकदमच गळून पडलं.

विनायकराव हसू दाबून म्हणाले, "सोजरबाई, हे किडे नव्हेत. तुमच्याच रक्तातले शिपाई आहेत. दातांच्या मुळाशी घाण साचून जंतू माजले, की हे रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि हिरडीकडे धावतात. जंतू खातात, तिथेच मरतात. पू म्हणजे बहुतेक तेच."

"मंग चांगलेच व्हय ना ते?"

"चांगलेच. पण घाण हटत नाही, म्हणून नवे येतच राहतात. त्यांच्या मारामारीत हिरडी झिजते, खालचं हाडसुद्धा."

"म्हंजे चोर धराले पलटण आली, आन गावातच तळ ठोकून गावाच्याच कोंबड्या खाऊन ऱ्हायली!"

विनायकराव खूश झाले. त्यांनी दातांवरचा दगडी थर खरवडून काढला, मिश्री बंद करायला लावली, मिठाच्या गुळण्या सांगितल्या. वर म्हणाले, "दातात किडे नसतात, बाई."

हे मात्र बाईला झोंबलं. तणतणत ती घरी आली, परात मांडली, बिया टाकल्या. या खेपेला वर तोंड कोणाचंच नव्हतं; बघूच, तोंडाशिवाय किडे येतात कुठून! बिया तडतडल्या. पाण्यात नऊ किडे तरंगले. तिने एक बी नखाने फोडली. आत तसाच पांढरा, वळलेला कोंब. वीस वर्षांची लाज एकदम वाटली आणि तिला रडू फुटलं.

महिन्याभरात हिरड्या बसल्या, दातांनी पाय रोवले. विनायकराव कोणाला सांगणाऱ्यातले नव्हते. धंदा तसाच चालला असता.

पुढच्या खेपेला शाहपूरच्या बाजारात, मागल्या साली किडे काढून घेतलेली मथुराबाई गालावर हात धरून आली. तिच्याआधीच सोजरबाईचा जुना रोगी चुडामण नि आणखी चार-पाचजण रांगेत बसलेले. सोजरबाईने पळी तापवलीच नाही. सगळं सांगून टाकलं.

"आन माझे सात किडे?" चुडामण उसळला.

"बियांचे होते, दादा."

"मी दुसरीकडे जातो! जिथे निघतात तिथे!" म्हणत तो निघाला, आणि हसत हसत बाकीचेही पांगले.

मथुराबाई तेवढी उभी होती. "म्हंजे मागल्या साली मले उगीचच बरं वाटलं?"

"चुकलं व माय माझं," सोजरबाई मान खाली घालून म्हणाली.

मथुराबाईने जरा विचार केला आणि समोर बसकण मारली. "दुसरी कोणी असती तर गपच ऱ्हायली असती. आता काय करायचं ते बी तूच सांग," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडलं.