पंचफुलाबाईच्या दोन बकऱ्या

कुणाच्याही संसाराचं मूल्यमापन बारा मिनिटांत करता येतं, असं मला वाटायचं. त्याचं रीतसर प्रशिक्षण मी वाशीमला घेतलं होतं. दोन दिवसांचं, दुपारच्या जेवणासह.

मेडशीच्या पलीकडे एक गाव तलावात गेलं आणि तिथली माणसं माळावरच्या नव्या वस्तीत आणून बसवली गेली. त्यांना एका संस्थेनं बकऱ्या घ्यायला पैसे दिले होते. मदतीचा उपयोग झाला की नाही हे बघायला आलेला मूल्यमापक म्हणजे मी, हरीओम. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि डोक्यात हवा. ज्यानं जनावर सांभाळलं, त्यालाच दुसरा हप्ता मिळणार होता.

पंचफुलाबाई साठीच्या आसपासची. नवरा देवमन लवकर गेला, तेव्हापासून मजुरीवर घर ओढलेलं. तिची नजर अशी, की समोरच्यानं आपला शर्ट नीट खोचलाय का ते आधी बघावं. तिनं पाणी दिलं. मी घड्याळ लावलं.

"मावशी, बकऱ्या दिसत नाहीत?"

"जऊळक्याले नणंदेकडं हायेत. इथं काय मुरूम खातीन का त्या?"

टॅबवर तीनच पर्याय होते : आहे, विकली, मेली. घरी नाही, मेलेली नाही, मग उरलं काय? मी 'विकली'वर बोट ठेवलं आणि अकराव्या मिनिटाला उठलो. स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आता गंमत ऐका. आमच्या भागात बकऱ्या अर्धलीनं देतात. ज्याच्याकडे चारा त्यानं सांभाळायच्या, पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी मालकाची. माझ्या मामानं कामरगावला अशाच दुसऱ्याच्या बकऱ्या सांभाळून मला सायकल घेऊन दिली होती. त्या सायकलवरून शाळेत जाऊन मी इतका शिकलो, की मला अर्धली कळेनाशी झाली.

महिन्याभरानं पंचफुलाबाईच्या मोबाइलवर निरोप गेला : मदतीचं जनावर विकल्यामुळे दुसरा हप्ता रद्द. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो किराणा दुकानात वाचून घेतला, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळलं की बाईनं फुकटच्या बकऱ्या विकून खाल्ल्या. तिनं थेट संस्थेत फोन लावला. आमच्या रुचिका मॅडमनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "तू घातलेला घोळ तूच निस्तर."

एस.टी.त मी माफीची तालीम करत गेलो. पोचलो तर वस्तीतली बाया-माणसं बुद्धविहारासमोर जमलेली. पंचफुलाबाईजवळ दोन बकऱ्या आणि तीन पिल्लं. मी येणार हे कळल्यावर तिनं ती जऊळक्याहून जीपनं आणली होती.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजली. एक पिल्लू माझ्या ओळखपत्राची फीत चघळायला लागलं. कुणी हसलं नाही.

"मावशी, हप्ता मी सुरू करून देतो."

"हप्त्याचं मंग पाहू. लोकं मले चोट्टी म्हनून राह्यले, बाबू. तुमी काय लिहलं आन् काहून लिहलं, ते साऱ्याइच्या समोर सांगा."

"मावशीनं बकऱ्या विकल्या नाहीत," मी म्हणालो. "अर्धलीनं दिल्यात. मी ते विचारलंच नाही. खोटं मी लिहिलं."

मला फार लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, आपण किती मोठ्या मनाचे, असंही वाटलं. आता चहा येईल, दोन चांगले शब्द येतील, म्हणून मी खाली बसायला लागलो.

"माह्यं झालं," पंचफुलाबाई म्हणाली. "आता याइचं सांगा. बाकीच्या घरी काय लिहलं तुमी?"

मी टॅब उघडला. एकोणीस घरांपुढं 'विकली' होतं. मी काही बोलायच्या आत मागून एक बाई उठली, अंजना. पदराच्या गाठीतून मोबाइल काढून तिनं माझ्यापुढं धरला. "मलेबी असाच निरोप आला व्हता. लाजंनं कोनाले सांगतलं नाई. माह्यावाल्या माहेरी हायेत." मग तिच्या शेजारची उठली. मग आणखी दोघी.

माझा अहवाल सोमवारीच वर गेला होता. त्यात पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या लोकांना जनावरं देण्यात अर्थ नाही.