गोगलगायींचं पार्सल

बसा, चहा सांगितलाय. तो येईपर्यंत माझ्या शहाणपणाचा एक नमुना ऐका. बाजारात हा किस्सा माझ्या पाठीमागं सांगतात आणि तिखटमीठ लावून सांगतात. त्यापेक्षा मीच सांगितलेला बरा. निदान त्यातला मूर्ख कोण, याबद्दल घोटाळा राहणार नाही.

धारूरला माझं बियाणं, खतं, औषधांचं दुकान, मागं घर. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून शिकलो. अलीकडं आमच्याकडं सोयाबीन चार पानांवर आलं की शंखी गोगलगाय येते आणि ओळीच्या ओळी फस्त करते. तिला मारायच्या गोळ्या माझ्याकडं मिळतात. पावसाळ्यात माझं अर्धं दुकान या गोगलगायीच्या जिवावर चालतं म्हणा ना.

आता माझी मुलगी गिरिजा. ती कोकणात जाऊन मत्स्यशास्त्र शिकली. आमच्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी बायको चूळ भरते, आणि पोरगी माशांची पंडित. मी चार वर्षं बाजारात काय सांगत होतो? पोरगी कृषीचं शिकतीय.

नोकरीचा कागद येईपर्यंत ती घरी राहायला आली, ती दोन फुटांची काचेची टाकी घेऊनच. आत खारं पाणी, खडकाला धरलेली पोवळी आणि दोन नारिंगी मासे. पोवळं मी फक्त अंगठीत पाहिलेलं. इथं ते जिवंत होतं, फुलासारखं उघडत-मिटत होतं.

"बाबा, दुकानात ठेवू या का? येणारे-जाणारे बघतील."

"नको. घरातच बरी."

"लोकांना कळेल म्हणून?"

मी वजनकाटा पुसत राहिलो. आधीच पुसलेला होता.

"एकदा तरी कुणाला सांगा ना, मी काय शिकले ते," ती म्हणाली. "एकदाच." बास, एवढंच तिचं मागणं. हुंडा नाही, सोनं नाही.

"सांगू की," मी म्हणालो. व्यापारी माणूस, नाही कशाला म्हणतोय.

पुढं टाकीत शेवाळ धरलं. काच हिरवी, खडक तपकिरी. गिरिजा म्हणाली, आता सफाईची टोळी आणायला लागेल. टोळी म्हटल्यावर माझे कान टवकारले. अहो, टोळ्या हा तर आमच्या जिल्ह्याचा विषय. दरसाल ट्रक भरभरून ऊसतोडीला जातात.

"किती माणसांची टोळी?"

"माणसं नाहीत बाबा. गोगलगायी."

मला ठसका लागला. पण खरं सांगतो, ती टोळी निवडण्यात गेलेले तीन दिवस आम्हा बापलेकीचे सगळ्यात चांगले दिवस. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ती मोबाईलवर एकेक जीव दाखवायची. ही गोगलगाय काच चाटते, ती वाळूत घुसून वाळू उकरते. हे शंखात राहणारे बारके खेकडे, उरलंसुरलं खातात. त्यांना मोकळे शंख जादा ठेवायचे, नाहीतर घरासाठी गोगलगायीलाच मारतात. आणि ही कोळंबी.

"ही काय करते?"

"फिरते सगळीकडं. माशांच्या अंगावरचंही साफ करते."

"म्हणजे मुकादम."

ती इतकी हसली की तिची आई बघायला बाहेर आली. मी म्हटलं, वीस गोगलगायी मागवू, दोन दिवसांत काम संपेल. ती म्हणाली, "काम संपलं की खातील काय? शेवाळ जेवढं, तेवढीच टोळी. जास्त आणली तर उपाशी मरतात." पाचच ठरल्या, जोडीला दोन खेकडे आणि एक कोळंबी. मुंबईच्या विक्रेत्याला फोन मी लावला आणि पाचावर एक वर मागितली. तो म्हणाला, "सर, उपाशी मरेल." मी म्हटलं, "आमची आम्ही बघू." सहावी फुकटात पदरात पाडून घेतली. पत्ता विचारला तर सवयीनं दुकानाचा दिला.

इथंच गाडं घसरलं.

तो दिवस डोळ्यांपुढं आणा. सोयाबीन चार पानांवर, दुकानासमोर पंधरा-वीस माणसं, सगळी गोगलगायीच्या गोळ्या न्यायला आलेली. सगळ्यांत पुढं भानुदास तात्या. डोंगराकडचं जुनं गिऱ्हाईक, तोंडाचा फटकळ. तेवढ्यात पार्सलची गाडी थांबली. ड्रायव्हरनं थर्माकोलचा खोका डोक्यावर धरला आणि लांबूनच हाळी दिली, "आप्पा, तुमच्या गोगलगायी आल्या."

खोक्यावर विक्रेत्यानं ठळक अक्षरांत मराठीत लिहिलेलं: जिवंत गोगलगायी, जपून हाताळा.

तात्यानं खोका वाचला, मला बघितलं, परत खोका वाचला.

"आप्पा, आमी मारायला गोळ्या न्यायलोय अन् तुमी जित्त्या मागवता? कावून?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कावून म्हंजे? आपल्या वावरात सोडाया. त्याबिगर गोळ्या कशा खपतेल?"

"तरीच म्हनलं, दरसाल येत्यात कुठनं."

आता तुम्हीच सांगा, एका वाक्याचं काम होतं की नाही? 'माझी गिरिजा मत्स्यशास्त्र शिकलीय, तिच्या टाकीसाठी आणल्यात.' संपलं. जिभेवर आलं होतं. पण तिथं आमचे दोन भावकीतले उभे होते. गाडीचा आवाज ऐकून गिरिजाही मधल्या दारात आली होती, खोका घ्यायला हात पुढं केलेला. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "कंपनीनं पाठवल्यात. औषध तपासून बघायला."

तिचा हात खाली गेला.

तात्या म्हणाला, "बेस झालं. मग दावा की तपासून. आमीबी बघतो."

खोटं बोललेल्या माणसाला मागं फिरायला जागा नसते. घमेलं आणलं, त्यात माती टाकली. गोगलगायींच्या पिशव्या फोडल्या, पाणी ओतून दिलं, सहाच्या सहा गोगलगायी मातीवर ठेवल्या आणि भोवती माझ्या हातानं गोळ्या पेरल्या.

"बाबा," गिरिजा एवढंच म्हणाली.

"तू आत जा."

पंधरा-वीस माणसं घमेल्याभोवती उकिडवी बसली. सहाही जणी शंखाची दारं लावून गप. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. वर ऊन. मग एक हळूच बाहेर आली, गोळीपर्यंत सरकली आणि सावकाश गोळीवर चढली.

"आप्पा, ही तर पाटावर बसल्यागत बसली."

"जेवायला वाढा तिला."

"आमी पोतंभर टाकलं वावरात, तरीबी मरंनात. गोळ्या नकली हायत बे."

एकानं मोबाईलवर ते सगळं टिपलं. ते चित्र तासाभरात शेजारच्या तालुक्यातल्या दिंद्रुडपर्यंत पोचलं, हे मला नंतर कळलं. तोवर लोक घेतलेली पाकिटं माझ्या टेबलावर परत ठेवायला लागले होते. शेवटी मी ओरडलो, "अरे, ह्या समुद्रातल्या हायत. ह्यांना हे औषध लागू न्हाई."

तात्या शांतपणे म्हणाला, "आत्ता कंपनीच्या हुत्या. आता समुद्राच्या झाल्या. उंद्या म्हनताल, पाव्हण्याच्या हायत."

मग मी काय केलं? जिला आत हाकललं होतं, तिलाच हाक मारली. "गिरिजा, बाई, सांग ह्यांना."

ती खाऱ्या पाण्याची बादली घेऊन आली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी सहाही गोगलगायी चिमटीत उचलून बादलीत सोडल्या, मग लोकांकडं वळली.

"मी मत्स्यशास्त्र शिकलेय. चार वर्षं, कोकणात. ही माझी टोळी आहे, माझ्या टाकीसाठी आणलेली. तात्या, तुमच्याकडं शेतातली गोगलगाय आहे का?"

तात्यानं नमुना म्हणून रुमालात बांधून आणलेली होती. तिनं बादलीतलं पाणी वाटीत घेतलं आणि ती त्यात टाकली. फेस आला, तडफडली. बादलीतली एक मात्र त्याच पाण्यात शिंगं काढून चालायला लागली होती.

"तुमची मिठानं मरते, माझी मिठातच जगते," गिरिजा म्हणाली. "गोळ्या चांगल्या आहेत. पण उन्हात टाकू नका, सांजच्याला ओल्या जमिनीवर टाका. बांधावर ओली बारदानं पसरा, सकाळी त्याखाली जमतात, त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका."

लोक कान देऊन ऐकत होते. तात्यानं विचारलं, "आप्पा तर म्हनायचे, कृषीचं शिकता."

"ते आप्पांना विचारा."

तात्यानं नाही विचारलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटेल, चला, पोरीनं बापाची लाज राखली. औषधाची राखली हो. पाकिटं लोकांनी परत उचलली. पण सहातल्या दोनच गोगलगायी जगल्या. चार उन्हानं गेल्या. आणि खोका टेबलावर तसाच तापत पडला होता, त्यातले खेकडे आणि कोळंबी कुणाच्या ध्यानातच आले नाहीत. गिरिजा रडली नाही. मेलेली कोळंबी तळहातावर घेऊन बराच वेळ मोरीपाशी उभी होती. मी म्हणालो, दुसरी टोळी मागवू, उद्याच मागवू, या वेळी टाकी दुकानात ठेवू, अगदी समोर. ती म्हणाली, "आता सगळ्यांना कळलंच आहे, बाबा. तुम्हाला सांगायची गरज राहिली नाही."

पुढच्याच आठवड्यात नोकरीचा कागद आला. ती गेली, टाकी घेऊन गेली. मी रोज फोन करतो. कामात असते. 'नंतर करते' म्हणते.

परवा तात्या आला. सोयाबीन बरं आहे म्हणाला, बारदानाचा उपाय लागू पडला.

"ताई हाईत का?"

"ती नोकरीला गेली. मी हाय की, बोला."

"तुमी ऱ्हाऊ द्या आप्पा. जरा खरं इचारायचं हुतं. त्यांचा लंबर द्या."

मी दिला. बरोबर दिलाय का बघायला त्यानं माझ्यासमोरच लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. तात्याचा चेहरा खुलला. तो माझ्याच टेबलाला टेकून पानांच्या भोकांबद्दल विचारायला लागला. पलीकडून ती बोलत होती, भरपूर बोलत होती, पण मला एक शब्द कळत नव्हता.

"तात्या, जरा स्पीकरवर टाका की," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाठ केली आणि फोन कानाला आणखी दाबून धरला.