पडद्याखालची कुजबुज

पडद्यावरच्या संशयी नवऱ्याची फजिती बघायला मशीनवाल्याला भारी आवडायचं. तो नवरा कपाटात लपायचा, बायकोकडे आलेल्या माणसाला बदडून काढायचा, आणि माणूस निघायचा तिचा सख्खा भाऊ! मूकपटांचा जमाना तो. सिनेमा दाखवायच्या मशीनचं हँडल हातानं फिरवायचं. मारामारी आली की हा पठ्ठ्या मुद्दाम जोरात फिरवायचा आणि लोक हसून लोटपोट व्हायचे.

खाली पडद्यापाशी त्याची बायको पियानो वाजवायची. शेजारी व्हायोलिनवाला, सडाफटिंग माणूस. मशीनच्या खोलीला वीतभर झरोका होता. त्यातून खालचं दिसायचं, पण मशीनच्या खडखडाटात ऐकू काही यायचं नाही. एकदा त्याला दिसलं, व्हायोलिनवाला बायकोच्या कानाशी लागलाय आणि ती हसतेय. दुसऱ्या दिवशीही तेच. झालं! डोक्यात किडा शिरला. अरे बाबा, तिला विचार ना सरळ! पण नाही. हा शहाणा घरी तोंड फुगवून बसायचा.

"अहो, माझं काही चुकलं का?"

"तुझं तुलाच ठाऊक."

शेवटी त्यानं मालकाचे कान भरले आणि व्हायोलिनवाल्याला नारळ मिळाला.

दुसऱ्याच दुपारी, थिएटर गच्च भरलेलं असताना, पडद्यावर एक आई मरत होती आणि खालून पियानोवर लग्नाची धून दणक्यात वाजत होती. लोक हसायला लागले. शिट्ट्या सुरू झाल्या. मशीनवाल्यानं झरोक्यातून पाहिलं. बायको मान उंचावून पडदा शोधत तोंड फिरवत होती, कधी इकडे, कधी तिकडे. त्याचा हात हँडलवरच थांबला. दिव्याच्या आचेनं फिल्म जागच्या जागी जळली, पडदा पांढराफटक झाला. सगळं थिएटर उठून उभं राहिलं. ती मात्र वाजवतच होती.

तो धावत खाली आला. "तुला दिसत नाही?"

"वर्ष होत आलं. घरातलं अंदाजानं निभतं, पडद्यावरचं काही दिसत नाही. मालकाला कळलं असतं तर काढलं असतं मला. तुमच्याही जिवाला घोर नको, म्हणून बोलले नाही. ते बिचारे कानात प्रसंग सांगायचे."

"मग हसायचीस कशाला?"

"तुम्ही हँडल जोरात फिरवलंत की ते म्हणायचे, वहिनी, साहेब रंगात आलेत बघा. तुमचं कौतुक वाटायचं हो."

मालक पियानोचं झाकण लावायला आला, तेव्हा तिची बोटं अजून पट्ट्यांवरच होती. ती मशीनवाल्यालाच उचलून बाजूला करावी लागली.