जावयाच्या पोटासाठी

अत्यंत गंभीरपणे, आणि वाचकांनी शक्यतो उभं राहून ऐकावं अशा विनंतीसह, मी जाहीर करतो: पुणे शहरात विनाकारण धावणं हा गुन्हा आहे, आणि तो रोज सकाळी उघडपणे करूनही पँटची इस्त्री मोडू न देणारे एकमेव सभ्य गृहस्थ मी पाहिले, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामा कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग पास की नापास, हे ठरवण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली. मग नवी यंत्रं आली, स्वेच्छानिवृत्ती नावाची सक्ती आली, आणि नापास करायला मामी, भाजीवाला आणि मी एवढेच उरलो. तरुणपणी ते कारखान्याच्या संघातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचे. सरावाला सिंहगड रस्त्यानं थेट खडकवासल्याच्या धरणापर्यंत जायचे. पुढे रात्रपाळ्या आल्या, संसार आला, धावणं सुटलं ते सुटलंच.

मीही कॉलेजात धावायचो, यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. हिंजवडीच्या कंपनीत लागलो, दिवसाचे तीन तास बसमध्ये आणि दहा तास खुर्चीत जाऊ लागले, आणि अठरा वर्षांत अशी वेळ आली की लिफ्टमध्ये आधी माझं पोट शिरायचं, मागून मी. एक दिवस लिफ्ट बंद होती. तिसरा मजला गाठायचा, तर मी दुसऱ्यावरच पायरीवर टेकलो. छातीचा भाता झाला होता. चौथ्या मजल्यावरचे मामा नेमके खाली येत होते.

"काय जावईबापू, मुक्काम इथंच का?"

मी हातानंच "पुढं व्हा" अशी खूण केली. मुलगी तेव्हा सहावीत होती. खरं सांगतो, त्या पायरीवर मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला बेल वाजली. दारात मामा. खोचलेला शर्ट, खडूनं पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी.

"चला. मला गरज नाही, माझं धावून झालंय. तुमच्या पोटासाठी येतोय."

हेच वाक्य त्यांनी वाटेत वॉचमनला, दूधवाल्याला आणि मी आयुष्यात न पाहिलेल्या तीन गृहस्थांना ऐकवलं. मी कौतुकानं आणलेल्या नव्या बुटांकडे बघून म्हणाले, "बूटच धावणार असतील तर तुम्ही कशाला उठलात?"

पिशवी मात्र धोरण म्हणून होती. "मोकळ्या हातानं पळालं की लोक विचारतात, काय झालं? हातात पिशवी असली की समजतात, बस पकडतोय." हे धोरण एकदा फारच यशस्वी झालं. थांब्यावर ताटकळणाऱ्यांना बघून वेग वाढवणारी बस आमच्यासाठी चक्क थांबली. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "या काका, सावकाश या." माणसाच्या चांगुलपणाचा अपमान नको म्हणून मामा चढले, मला चढवलं, दोन तिकिटंही काढली. पुढच्या थांब्यावर उतरलो तर हे उलट्या दिशेनं निघाले.

"मामा, कुठं?"

"मागं. तेवढं अंतर पायांनी केलेलं नाही. नापास."

त्यांचा एकच नियम होता: ओळखीच्या माणसाच्या घरासमोर दमायचं नाही. सिंहगड रस्त्यावर त्यांच्या ओळखी इतक्या, की दमायला जागाच उरायची नाही. पहिल्या दिवशी दोनशे पावलांत गार झालेला मी पाच महिन्यांत धायरी फाट्यापर्यंत जाऊन परत येऊ लागलो. मामा शेजारी अखंड बोलत असायचे, म्हणजे मुख्यतः मला नापास करत असायचे.

मग एका रविवारी ते म्हणाले, "आज धरण."

वडगाव गेलं, नांदेड फाटा गेला. किरकटवाडीच्या पुढे शेजारचं बोलणं एकाएकी बंद पडलं. वळून पाहिलं तर मामा मागे, कमरेवर हात ठेवून उभे. इतके उतरलेले मामा मी स्वेच्छानिवृत्तीच्या दिवशीही पाहिले नव्हते.

"तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येतो."

"माझ्या पोटासाठी आलायत ना? मग पोट इथंच थांबणार."

वाकडा पडलेला स्क्रू बघावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण निघाले. एका खांबापर्यंत चालायचं, पुढच्या खांबापर्यंत धावायचं, असं करत करत आम्ही धरणाची भिंत गाठली.

आता मामांचे गुडघेही निवृत्त झाले आहेत. मी एकटाच धावतो, आणि ते गॅलरीतून माझी चाल नापास करतात. लिफ्ट बंद पडली तरी मला हल्ली कळत नाही. याबद्दल त्यांचे आभार मानायचा प्रयत्न मी एकदाच केला, त्या रविवारी धरणाच्या कठड्यावर बसून. घसा साफ केला आणि म्हणालो, "मामा, तुम्ही नसता तर मी..."

त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. पाण्याकडे बघत होते, श्वास अजून लागलेला होता. आणि एकदम बोलून गेले, "अहो, मलाच एकट्यानं सुरुवात करायची भीती वाटत होती."