तोफ फोनवर होती

आमच्या ऑफिसात तिला सगळे तोफ म्हणतात, अगदी तोंडावर. त्याचा तिला राग येत नाही, बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींचा येतो. ऑक्सिजनचे सिलिंडर घरपोच देणं हा आमचा धंदा. फोन ती घेते, समोरच्या टेबलावर बिलं मी करतो. दम लागलेल्या माणसाच्या घरून फोन आला की तिचा आवाज लोण्यासारखा मऊ होतो. फोन ठेवला की गाडी उशिरा काढणाऱ्या ड्रायव्हरची शंभर वर्षं भरलीच म्हणून समजा.

तिचे वडीलही आमचेच गिऱ्हाईक. फुप्फुसं कामातून गेलेली, दिवसरात्र नाकाला नळी. जवळ फक्त आई. मोबाइलशी तिचा उभा दावा. सिलिंडर संपत आला की घरातल्या जुन्या फोनवरून ती आमचा नंबर लावते. तो प्रत्येक सिलिंडरवर लाल रंगात रंगवलेला आहे.

मग मालकांना इंटरनेटवरच्या फोनचं खूळ लागलं. त्या फोनच्या कंपनीचा एक टायवाला आला. म्हणाला, जुना नंबर तसाच ठेवू, त्यावर येणारे कॉल आपोआप नव्या फोनवर येतील. मालकांनी त्यावर कडी केली. "आणि नवा बिझी असला तर? गिऱ्हाईक परत जायला नको. तेव्हा कॉल जुन्यावर पाठवा." टायवाल्याने मान डोलावली आणि तसंच करून दिलं. आपण काय करून ठेवतोय, हे दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं सणकतं.

त्यानंतर लोक ओरडायला लागले, "तुमचा फोन सारखा बिझी!" तोफ टायवाल्याला बोलवायची. तो यायचा, मोबाइलवरून जुना नंबर लावायचा, टेबलावरचा नवा फोन खणखणायचा. "चालतोय की मॅडम! दोष जुन्या लाइनचा." जुन्या लाइनवाले तारा तपासून म्हणायचे, "आमच्याकडून ओके. इंटरनेटवाल्यांना धरा." दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचा श्वास कोंडत होता आणि हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

एका दुपारी एका पेशंटचा जावई रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन आत आला आणि तोफेला नको नको ते बोलून गेला. तिने ऐकून घेतलं. मग तिने फोन उचलून टायवाल्याच्या कंपनीला लावला. आधी बराच वेळ कानात गाणं वाजत राहिलं, मग टायवाला सापडला. त्याची अशी बिनपाण्याने सुरू झाली की मी उठून मागच्या गोदामात गेलो. तिथवर ऐकू येत होतं.

परत आलो तर दाराजवळच्या बाकावर तिची आई बसलेली. धापा टाकत होती. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची.

"आई, तुम्ही इथे?"

"फोन लागेना. सारखा बिझी, बिझी. ह्यांचा सिलिंडर संपत आलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"ती रागात बोलतेय ना कोणाशी. होऊ दे तिचं. मध्ये बोललं की चिडते."

मी तोफेच्या हातातून फोन हिसकावला. तिने माझ्यावर तोंड उघडलं, तेवढ्यात तिला आईचे पाय दिसले.

सिलिंडर टेम्पोत टाकून आम्ही तिच्या वडिलांकडे निघालो. वडील पलंगाच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसले होते. ओठ निळे. तोफेने नव्या सिलिंडरला चावी लावली, व्हॉल्व्ह फिरवला. बऱ्याच वेळाने त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"फोनवर... कोणाशी होतीस एवढी?"

"फोन लागत नाही म्हणून भांडत होते," ती म्हणाली, आणि तशीच खाली जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी टायवाला आला. खिशातून मोबाइल काढणार, तोच तोफ म्हणाली, "लावा. पण ठेवू नका, बोलत राहा." नवा फोन वाजला, तिने उचलला. मग माझ्याकडे वळली. "आता तुम्ही जुना नंबर लावा." मी लावला. बिझी.

टायवाल्याचा चेहरा उतरला. नव्यावर एक कॉल चालू असताना दुसरा आला की नवा त्याला जुन्याकडे हाकलत होता, जुना पुन्हा नव्याकडे. हे महाशय दर वेळी लाइन मोकळी असताना एकच कॉल करून बघत होते! मालक छताच्या पंख्याकडे बघत बसले.

"छोटीशी सेटिंग होती," लॅपटॉप मिटत टायवाला म्हणाला.

आता तोफ धडाडणार म्हणून मी कानांवर हात ठेवले. पण तिने पेशंटशी बोलायचा मऊ आवाज काढला. "माझे वडील निळे पडले होते हो." तो चहाला थांबला नाही. मला मात्र राहून राहून वाटतं, एक दणका द्यायला हवा होता.

आता ती बोलत असली की दुसरा कॉल माझ्या टेबलावर वाजतो. काल वाजला तेव्हा ती ड्रायव्हरला फोनवर झापत होती. माझ्या फोनवर तिची आई, नेहमीसारखी मोठ्याने बोलणारी.

"ती चिडलीये का? मग राहू द्या. तुम्हीच सिलिंडर पाठवा."

तोफेने ते ऐकलं. ड्रायव्हरचं वाक्य अर्ध्यावर तोडून तिने फोन आपटला आणि माझ्या हातातला ओढून घेतला.

"आई! मी चिडलेली नाहीये! बोल!"

अख्खं ऑफिस दचकलं.

"बरं," आई हळूच म्हणाली, "मग मी नंतर करते."